कर्जदार परदेशात, नोटीस गावात

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील कुंभार पिंपळगावसारख्या गावातून एखादा मुलगा अभियांत्रिकीसाठी पुण्याला जातो, तेथून पुढच्या शिक्षणासाठी परदेशी जातो आणि तिकडेच नोकरीला लागतो. शैक्षणिक कर्जाच्या कागदांवर मात्र कायमचा पत्ता म्हणून गावातील घर नोंदलेले असते, सहकर्जदार म्हणून वडिलांची सही असते आणि कर्ज मोठे असेल तर घराचा किंवा जमिनीचा दस्त बँकेकडे तारण असतो. मधल्या काळात नोकरी सुटते, हप्ते थांबतात, दूरध्वनी क्रमांक बदलतो. काही वर्षांनी टपाल येते ते गावात. मुलगा सातासमुद्रापार असतो आणि पाकीट हातात घेऊन वडील ओसरीवर उभे असतात. पाकीट घ्यावे की परत पाठवावे, हा त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न. मुलाला दूरध्वनी केला तर बहुतेक वेळा ठरलेले उत्तर मिळते : "घेऊ नका. तीन वर्षे होऊन गेली आहेत, आता ते काही करू शकत नाहीत."

या उत्तरात दोन चुका आहेत आणि दोन्ही महागात पडू शकतात.

पहिली चूक पाकीट न घेण्याची. योग्य पत्त्यावर, टपाल हशील भरून, नोंदणी करून पाठविलेले पत्र पोहोचले असे १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या २७ व्या कलमानुसार गृहीत धरले जाते. पोस्टमनने पाकिटावर 'घेण्यास नकार' असा शेरा मारला, तर कायद्याच्या दृष्टीने ते पत्र मिळाल्यातच जमा असते. २००७ मध्ये धनादेश न वटल्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे गृहीतक स्पष्टपणे उचलून धरले. म्हणजे नकार देणाऱ्याच्या पदरी पत्र मिळाल्याचे सर्व परिणाम पडतात. फक्त पत्रात काय लिहिले होते, ते त्याला कळत नाही. २०२५ मध्ये टपाल खात्याने नोंदणीकृत टपालाची सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केली. त्यामुळे 'रजिस्टर आले तरच भ्यायचे' हा खेड्यातील जुना ठोकताळाही आता उपयोगाचा राहिलेला नाही.

दुसरी चूक तीन वर्षांची. ती अधिक खोल आहे.

तीन वर्षांचा गैरसमज

१९६३ च्या मुदतीच्या कायद्यात (परिसीमा अधिनियमात) साध्या कर्जाच्या वसुलीचा दावा दाखल करण्यास साधारणपणे तीन वर्षांची मुदत आहे. स्थावर गहाण असेल तर गहाणाच्या दाव्याला १२ वर्षे. न्यायालयाचा हुकूमनामा झाला असेल तर त्याच्या अंमलबजावणीलाही १२ वर्षे. एवढे पुष्कळांना ऐकून ठाऊक असते. पण याच कायद्याच्या १५ व्या कलमाचे पाचवे पोटकलम फारसे कोणी वाचलेले नसते. प्रतिवादी भारताबाहेर असेल, तर त्याच्या गैरहजेरीचा सर्व काळ दाव्याची मुदत मोजताना वगळावा, असे ते पोटकलम सांगते.

याचा अर्थ साध्या हिशेबात असा. समजा, एखाद्याचे हप्ते २०१३ मध्ये थकले आणि तो तेव्हापासून परदेशात आहे. दरवर्षी दिवाळीला तो तीन आठवडे गावी येतो. दहा वर्षांत तो एकूण ३० आठवडे भारतात राहिला. बँकेच्या तीन वर्षांच्या मुदतीतून त्याच्यापुरते तेवढेच ३० आठवडे खर्ची पडले. तीन वर्षे म्हणजे १५६ आठवडे. या गतीने ती मुदत संपायला ५२ वर्षे लागतील. परदेशी गेल्याने कर्ज 'जुने' होते ही समजूत कायद्याच्या नेमकी उलट आहे. घड्याळ चालते ते गावी राहणाऱ्याचे.

ही सवलत धनकोला मिळते ती गैरहजर प्रतिवादीपुरती. वडील गावातच असतात, तेव्हा त्यांच्याविरुद्धच्या मुदतीचा हिशेब वेगळा होतो आणि तो करारनाम्यातील शब्दांवर, मागणी केव्हा झाली यावर अवलंबून राहतो. बँकाही हे जाणून असतात. म्हणूनच दर दोन-अडीच वर्षांनी एखादा कर्मचारी घरी येतो आणि 'फक्त शिल्लक बरोबर असल्याची सही' मागतो. ही सही साधी नसते. १८ व्या कलमानुसार मुदत संपण्यापूर्वी दिलेली लेखी, सही केलेली कबुली नवी मुदत सुरू करते. १९ व्या कलमानुसार मुदतीत भरलेला एखादा हप्ताही, त्याची नोंद भरणाऱ्याच्या हस्ताक्षरात वा सहीनिशी असेल तर, तेच काम करतो.

कबुलीची व्याख्या किती विस्तृत आहे, ते पाहण्यासारखे आहे. नेमकी रक्कम लिहिलेली नसली, 'आता देता येणार नाही' असा नकार सोबत असला, किंवा पत्र धनकोऐवजी भलत्याच व्यक्तीला लिहिलेले असले, तरी ती कबुली ठरू शकते. परदेशातून रागाच्या भरात लिहिलेले, "कर्ज आहे हे मला माहीत आहे, पण माझ्या वडिलांना त्रास देऊ नका," असे पत्र ही कायद्याच्या दृष्टीने स्वच्छ कबुली आहे. इ-मेलही लेखी कबुलीत धरला गेल्याचे न्यायनिर्णय आहेत. शिवाय सही म्हणजे केवळ स्वतःची सही नव्हे. अधिकार दिलेल्या प्रतिनिधीचीही चालते. गावातील चुलतभावाला सर्वाधिकारांचे कुलमुखत्यारपत्र देऊन ठेवलेल्यांनी हे लक्षात घ्यावे.

मुदत खरोखरच उलटून गेली असेल तर नुसत्या कबुलीने ती पुन्हा जिवंत होत नाही. मात्र १८७२ च्या करार कायद्याच्या २५ व्या कलमातील तिसऱ्या पोटकलमानुसार मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे लेखी व सही केलेले वचन हा स्वतंत्र, नवा करार ठरतो. 'कर्ज आहे' आणि 'कर्ज फेडीन' या दोन वाक्यांतील फरकावर अशा वेळी सारे प्रकरण फिरते. तडजोडीच्या अर्जाचा छापील नमुना भरताना हे दुसरे वाक्य त्यात बहुधा आधीच छापलेले असते.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्यांना तीन वर्षांची मर्यादा आली, ती ऋणकोच्या सोयीसाठी. प्रत्यक्षात पुणे आणि नगर भागातील सावकारांनी दर तीन वर्षांनी खते पालटून घेण्याचा सपाटा लावला. थकलेले व्याज मुद्दलात मिळवायचे आणि नव्या कागदावर कुणब्याचा अंगठा घ्यायचा. मे १८७५ मध्ये सुपे येथून उसळलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी घरांपेक्षा कागद जाळले, ते यामुळे. पुढे १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने या भागाला तो लागू नव्हता. कागद पालटण्याची युक्ती मात्र कोणत्याही एका राज्याची नाही.

देणे मरत नाही

मुदत संपली म्हणजे कर्ज संपले, हाही असाच एक समज. भारतीय कायद्यात मुदतीने दाव्याचा मार्ग बंद होतो, देणे नाहीसे होत नाही. बॉम्बे डाइंग कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७-५८ च्या सुमारासच हे तत्त्व मांडून ठेवले आहे. त्याचे परिणाम व्यवहारात दिसतात. बँकेच्या हाती कर्जदाराची किंवा जामीनदाराची ठेव असेल तर ती दाव्याशिवाय वळती करून घेता येते. पंजाब नॅशनल बँकेच्या एका प्रकरणात १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मूळ कर्ज मुदतबाह्य झाले होते तरी जामीनदाराने तारण दिलेल्या मुदत ठेवीतून बँकेने केलेली वळती योग्य ठरविली. ज्या बँकेचे जुने कर्ज थकलेले आहे, तिच्याच शाखेत अनिवासी खाते उघडून त्यात भाडे किंवा शेतीचे उत्पन्न जमा करत राहणाऱ्यांची मग तारांबळ उडते.

व्याजही थांबत नाही. साडेसात लाखांच्या कर्जावर वर्षाला १२ टक्के चक्रवाढ धरली, तर दहा वर्षांनी आकडा सुमारे २३ लाख २९ हजार होतो. येथे एक टप्पाही ओलांडला जातो. २० लाखांपासून पुढच्या बँक थकबाकीची प्रकरणे दिवाणी न्यायालयात न जाता कर्ज वसुली न्यायाधिकरणापुढे जातात. २०१८ पर्यंत ही मर्यादा १० लाख होती. जालना जिल्ह्यातील प्रकरणांसाठी मग छत्रपती संभाजीनगरची वाट धरावी लागते. दामदुपटीचा, म्हणजे मुद्दलाइतकेच व्याज घेण्याचा, जुना हिंदू कायद्यातील नियम अनेक घरांत आजही सांगितला जातो. बँकेपुढे तो चालेल अशी आशा धरू नये. व्याजदर अवाजवी आहे एवढ्याच कारणावरून न्यायालयाला बँकेचा हिशेब पुन्हा उघडता येत नाही, असे बँक नियमन कायद्याचे २१-अ कलम सांगते. सहकारी संस्थांच्या विशिष्ट प्रकारच्या कर्जांपुरती व्याजाची मर्यादा सहकार कायद्याच्या ४४-अ कलमात आहे. ती आपल्या कर्जाला लागू आहे का, हे तपासून घ्यावे लागते.

मग गप्प बसून मिळते काय? परदेशी राहणाऱ्या कर्जदाराच्या बाबतीत जवळजवळ काहीच नाही. मुदत त्याच्या बाजूने धावत नाही, व्याज विरुद्ध बाजूने धावत असते आणि तारण असलेले घर गावात जागच्या जागी असते.

कोणते पत्र, कोणाचे

आलेले पाकीट घ्यावे, उघडावे, त्यावरची तारीख व शिक्का दिसेल असे छायाचित्र काढून लगेच मुलाकडे पाठवावे आणि पाकीटसुद्धा जपून ठेवावे. यानंतर पाहायचे ते पत्र कोणत्या जातीचे आहे. बँकेचे मागणीपत्र आणि वकिलाची नोटीस यांना उत्तर न दिल्याने उद्या जप्ती येत नाही. गावोगावी सर्वाधिक धास्ती असते ती लोकअदालतीच्या नोटिशीची. तालुका विधी सेवा समितीचा शिक्का आणि न्यायालयाचे नाव असल्याने ती समन्ससारखी दिसते. राष्ट्रीय लोकअदालतीच्या आधी बँका 'दाखलपूर्व' प्रकरणांच्या अशा नोटिसा मोठ्या संख्येने पाठवितात. दावा अजून दाखलच झालेला नसतो आणि तेथे तडजोड करण्याची सक्तीही नसते. पण तडजोडीवर एकदा सही झाली, की तो निवाडा हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून वडिलांनी 'साहेब म्हणाले म्हणून' मुलाच्या वतीने तेथे सही करणे हे नोटीस न घेण्यापेक्षाही धोक्याचे.

सरफेसी कायद्याखालील नोटीस मात्र हातावेगळी करण्यासारखी नसते. २००२ च्या या कायद्याच्या १३ व्या कलमाखाली बँक ६० दिवसांची मुदत देते आणि त्यानंतर न्यायालयात न जाता तारण मालमत्तेचा ताबा घेण्याच्या मार्गाला लागते. नोटिशीला हरकत घेतली तर बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचे असते. ताब्याची कारवाई झाली तर न्यायाधिकरणाकडे जाण्यास ४५ दिवस मिळतात. परदेशातून मुखत्यारपत्र करून पाठविण्यातच यातले निम्मे दिवस जातात. ग्रामीण भागासाठी एक तरतूद महत्त्वाची आहे. शेतजमिनीवरील तारणाला हा कायदा लागू होत नाही. गावठाणातील घराला होतो. सहकारी बँकांनाही सरफेसीचे अधिकार आहेत, हे कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०२० मध्ये निश्चित केले. पतसंस्था या बँका नव्हेत, त्यांचा मार्ग निराळा.

तो मार्ग सहकार कायद्याचा. विविध कार्यकारी सोसायटी किंवा पतसंस्था यांना दिवाणी दावा लावावा लागत नाही. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या १०१ व्या कलमाखाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो आणि १५६ व्या कलमाखाली वसुली अधिकारी जप्तीला निघतो. येथे तीन वर्षांचा हिशेब आणखीच फसवा ठरतो. सभासदाकडील थकबाकीबाबत सहकार न्यायालयात जाण्याची मुदत, ९२ व्या कलमानुसार, सभासद मरण पावल्यापासून किंवा त्याचे सभासदत्व संपल्यापासून मोजली जाते. वडील सोसायटीचे सभासद आहेत तोवर त्या देण्याला म्हातारपण नाही.

मुलगा परदेशी असताना वडील वारले तर काय, हा पुढचा प्रश्न. बापाचे कर्ज मुलाने फेडलेच पाहिजे ही भावना मराठवाड्याच्या खेड्यांत अजून घट्ट आहे आणि वसुली करणारे तिचा उपयोग करून घेतात. पुत्राच्या धार्मिक कर्तव्याच्या आधारे त्याच्यावर वडिलांच्या कर्जाचा दावा लावण्याची वाट हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या ९ सप्टेंबरनंतरच्या कर्जांपुरती बंद केली. वारसाची जबाबदारी वारशाने आलेल्या मालमत्तेच्या मर्यादेत असते. त्याच्या परदेशातील पगारापर्यंत ती पोहोचत नाही. अर्थात मुलगा स्वतः सहकर्जदार किंवा जामीनदार असेल तर हे बोलणेच संपले. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते आणि धनको पहिल्यांदा कोणाकडे जाईल, हे धनकोने ठरवायचे असते.

समन्स आणि बेलिफ

न्यायालयाचे समन्स घेऊन बेलिफ दारात येतो, तेव्हा काय करावे? दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार प्रतिवादी घरी नसेल आणि लवकर सापडण्याची शक्यता नसेल, तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातील प्रौढ व्यक्तीवर समन्स बजावता येते. 'सोबत राहणाऱ्या' हे शब्द मोलाचे आहेत. दहा वर्षे परदेशात असलेला मुलगा वडिलांसोबत राहतो असे म्हणता येत नाही. अशा प्रतिवादीला त्याच्या परदेशातील पत्त्यावर समन्स पाठवावे, अशी स्वतंत्र तरतूद संहितेच्या पाचव्या आदेशात आहे. परदेशी समन्स बजावणीसंबंधीचा हेग करार भारताला १ ऑगस्ट २००७ पासून लागू आहे. म्हणून वडिलांनी बेलिफाला मुलगा अमुक देशात राहतो, हे त्याच कागदावर लिहून द्यावे आणि पत्ताही द्यावा. पत्ता लपविण्याकडे घरच्यांचा कल असतो. लपविल्यास न्यायालय पर्यायी बजावणीचा हुकूम करते, घराच्या दारावर समन्स चिकटते, स्थानिक वृत्तपत्रात जाहिरात येते आणि ती परदेशात कोणी वाचत नाही. मग एकतर्फी हुकूमनामा होतो.

एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेता येतो. त्यासाठी ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. समन्स रीतसर बजावलेच गेले नसेल तर हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून हे दिवस मोजतात. पत्ता लेखी दिलेला असूनही गावात बजावणी दाखविली गेली असेल, तर अर्जदाराची बाजू भक्कम असते. ज्याने पत्ता दडविला, त्याला हे म्हणणे अवघड जाते. समन्स रीतसर मिळाले असेल तर लेखी जबाब ३० दिवसांत द्यायचा असतो आणि न्यायालयाने वाढवून दिल्यास ९० दिवसांपर्यंत.

न्यायालयाच्या कागदांची वाट न पाहताही बरेच काही कळू शकते. इ-कोर्ट्स सेवेवर जालना जिल्ह्यातील न्यायालयांत पक्षकाराच्या नावाने प्रकरण शोधता येते. सातबारा महाभूलेखवर पाहता येतो आणि 'इतर हक्क' या रकान्यात कोणत्या बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे, हे जगाच्या पाठीवर कोठूनही दिसते. पतमाहिती कंपन्यांनी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यायचा असतो. ही तीन कामे एका संध्याकाळी होतात. परदेशस्थ कर्जदार ती सहसा करत नाहीत, कारण न पाहिलेले कर्ज नसल्यासारखे वाटते.

हुकूमनामा झालाच, तरी शेतकऱ्याचे सर्व काही जप्त होत नाही. तो स्वतः राहत असलेले घर, औते, बैल आणि बियाणे यांना संहितेच्या ६० व्या कलमाने संरक्षण दिलेले आहे. मात्र ते घर विशेषकरून त्याच कर्जासाठी गहाण टाकलेले असेल, तर हे संरक्षण कामी येत नाही.

उत्तर कसे द्यावे

अलीकडे पुष्कळ पत्रे बँकेकडून न येता अनोळखी कंपनीकडून येतात. बँकेने थकीत कर्ज मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकलेले असते. येथे पहिले काम पैसे देण्याचे नाही, विचारण्याचे आहे. कर्ज कोणत्या दस्ताने हस्तांतरित झाले, मूळ मंजुरीपत्र कोठे आहे, पहिल्या दिवसापासूनचा खातेउतारा काय सांगतो, शेवटचा हप्ता कधी जमा झाला, ही कागदपत्रे लेखी मागवावीत. पत्रातील मजकूर 'आपले अमुक तारखेचे पत्र मिळाले' एवढ्यावर सुरू व्हावा आणि 'या पत्राने कोणत्याही देण्याची कबुली दिलेली नाही' हे वाक्य त्यात स्पष्ट असावे. स्वतःची आर्थिक अडचण, नोकरीची हकिकत, वडिलांचे आजारपण यांचे पाल्हाळ पहिल्या पत्रात नको. ते तडजोडीच्या वेळी, वकिलाच्या नजरेखालून, लिहावे. परदेशातील पत्ता आणि इ-मेल मात्र द्यावा. पत्रव्यवहार मुलाशी व्हावा, आईवडिलांशी नको, हे सांगण्याचा तोच एक विश्वासार्ह मार्ग आहे.

वसुली प्रतिनिधींना रिझर्व्ह बँकेने घालून दिलेली बंधने आहेत. सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी दूरध्वनी करू नये, असे ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात आहे. प्रतिनिधीजवळ ओळखपत्र आणि बँकेचे अधिकारपत्र असले पाहिजे. नातेवाइकांना धमकावणे, गावात चारचौघांत नाव घेणे यांना मुळीच परवानगी नाही. तक्रार आधी बँकेकडे करावी आणि ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. तेथील तक्रार परदेशातून संगणकावरूनही नोंदविता येते. 'विमानतळावर अटक करवू' ही धमकी हमखास दिली जाते. कर्ज थकणे हा स्वतः गुन्हा नाही. सरकारी बँकांच्या प्रमुखांना थकबाकीदाराविरुद्ध लुक आउट सर्क्युलरची मागणी करण्याचा दिलेला अधिकार मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये रद्द ठरविला. गोष्ट वेगळी होते ती कर्जापोटी दिलेला धनादेश परत गेला असेल तर. ते प्रकरण फौजदारी असते, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात आणि न्यायालयाच्या तारखांना गैरहजर राहिल्यास वॉरंट निघू शकते. विमानतळाची भीती असलीच तर ती येथे आहे.

गावातील कोणाला काम सोपवायचेच असेल, तर मुखत्यारपत्र त्या एका कर्जापुरते आणि त्या एका कामापुरते करावे. ते भारतीय वकिलातीत किंवा तेथील नोटरीपुढे करून अपोस्टिल करून घेता येते. महाराष्ट्रात पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते, ही साधी गोष्ट विसरली गेली की तोच कागद ऐनवेळी न्यायालयात अडतो.

उलटा प्रवास केलेल्यांचेही प्रश्न आहेत, पण ते थोडक्यात सांगण्यासारखे. आखातातून किंवा इंग्लंडमधून क्रेडिट कार्डाची थकबाकी मागे ठेवून परतलेल्यांना 'तिकडचे तिकडे राहिले' असे वाटते. संयुक्त अरब अमिरातीतील न्यायालयांचे हुकूमनामे जानेवारी २०२० पासून भारतातील जिल्हा न्यायालयात थेट अंमलबजावणीसाठी आणता येतात. इंग्लंड आणि सिंगापूर यांचे त्याआधीपासूनच येतात. अमेरिका या यादीत नाही, तेथील निकालावर भारतात नव्याने दावा लावावा लागतो. इंग्लंडमध्ये साध्या कर्जाची मुदत सहा वर्षांची आहे. स्कॉटलंडमध्ये ती पाच वर्षांची असून तेथे मुदतीनंतर देणेच नष्ट होते. भारतातील 'देणे उरते, दावा जातो' या तत्त्वाची सवय असलेल्यांना ते नवलाचे वाटेल.

फेडल्यानंतरचे कागद

तडजोड ठरली तर ती आधी बँकेच्या अधिकृत कागदावर, रक्कम, तारीख आणि 'पूर्ण व अंतिम' या शब्दांसह घ्यावी आणि पैसे कर्जखात्यातच भरावेत. प्रतिनिधीच्या मोबाईल क्रमांकावर पाठविलेले पैसे कोणाच्या हिशेबात जमा झाले, हे न्यूयॉर्कहून शोधता येत नाही. सवलतीने मिटविलेले कर्ज पतअहवालात 'बंद' असे न दिसता 'तडजोडीने मिटविलेले' असे दिसते. मायदेशी परतून घरकर्ज घेऊ पाहणाऱ्यांना ही नोंद नडते. त्यामुळे मुद्दल आणि व्याज यांतील किती सोडून घ्यायचे, याचा निर्णय केवळ वाचलेल्या रकमेवर करू नये. अहवालातील चुकीची नोंद दुरुस्त करण्यास कंपनीला ३० दिवस मिळतात आणि एप्रिल २०२४ च्या अखेरीपासून पुढच्या विलंबाला रोज १०० रुपये भरपाई आहे.

तारणाचे मूळ दस्त पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत परत करणे १ डिसेंबर २०२३ पासून बँकांवर बंधनकारक आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये द्यावे लागतात. दस्त कोणाच्या हाती द्यायचे, हे मुलाने आधीच लेखी कळवून ठेवावे, नाहीतर ३० दिवस 'सही कोण करणार' यातच जातात.

एवढे झाले तरी गावातील काम शिल्लक उरते. बेबाकी दाखला मिळाला म्हणून सातबारावरचा बोजा आपोआप उतरत नाही. तो दाखला आणि बँकेचे बोजा कमी करण्याविषयीचे पत्र तलाठी कार्यालयात द्यावे लागते, फेरफाराची नोंद होते, हरकतींसाठी १५ दिवसांची नोटीस निघते आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावरच 'इतर हक्क' हा रकाना मोकळा होतो. हे काम दिवाळीच्या तीन आठवड्यांच्या सुट्टीत उरकत नाही. दाखल्याची प्रत गावी पाठवून अर्ज आधीच देऊन ठेवला, तर सुट्टीत फक्त नवा उतारा काढून पाहणे बाकी राहते.